नववी पायरी

मिसेस टॉलिव्हर : नववी पायरी डाव्या अंगाला पाऊण इंच खोल होती. गेल्या गुरुवारी मी पट्टी लावून मोजली होती. आज तीच पट्टी सपाट बसतेय, पास्टर.

पास्टर वेड : तेच तर दाखवायचं होतं तुम्हाला, बाई! अठराच्या अठरा पायऱ्या रंधा मारून सपाट केल्या. वर पॉलिश. रविवारी पाहुणे गॅलरीत चढणार, कुणी अडखळायला नको.

मिसेस टॉलिव्हर : रंधा मारून.

पास्टर वेड : एकतेचा रविवार आहे! जिन्याच्या भिंतीवर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे फोटो, गोऱ्या-काळ्या प्रत्येकाच्या खांद्यावर आफ्रिकी शाल...

मिसेस टॉलिव्हर : आणि त्या इतिहासाचा भुसा कुठे टाकलात?

पास्टर वेड : म्हणजे?

मिसेस टॉलिव्हर : आठवीत माझ्या वर्गातही तुझं हेच असायचं. तेव्हा मी काय म्हणायचे?

पास्टर वेड : ‘अंदाज नको, वेड. निरीक्षण सांग.’

मिसेस टॉलिव्हर : सांग मग. पायरी डावीकडेच का झिजली होती?

पास्टर वेड : कठडा डावीकडे आहे... त्याला धरून चढत असतील.

मिसेस टॉलिव्हर : का धरून? उजव्या काखेत काय होतं?

पास्टर वेड : माहीत नाही, बाई.

मिसेस टॉलिव्हर : पोर! खालचे बाक मालकांचे. गुलाम बायका पोर काखेला मारून या जिन्यानं वर चढायच्या. डॉर्कस त्यातलीच. तिच्या काखेतलं पोर म्हणजे माझी पणजी. डॉर्कसचा फोटो नाही, थडगं नाही. तिच्या टाचांचं एवढं पाऊण इंच उरलं होतं. तेही यंत्र लावून उडवलंत, तिच्याच सन्मानासाठी!

पास्टर वेड : मनात काही वाईट नव्हतं हो, देवाशपथ.

मिसेस टॉलिव्हर : अकरा वर्षं हेच ऐकतेय. वादळात आमच्या शायलो चर्चचं छप्पर उडालं, तू स्वतः माझ्या दारात आलास, म्हणून इथे आले. दर फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून, गाणं मागता, गाते. रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री मागता, सहा-सहा करून आणते. जिन्याला हात लावताना एक शब्द विचारलास?

पास्टर वेड : चर्चचे पदाधिकारी डीकन थर्मन होते की समितीत. तुमच्यातलेच.

मिसेस टॉलिव्हर : आमच्यातल्या एकाला विचारलं की सगळ्यांना विचारून झालं, होय?

पास्टर वेड : चुकलं माझं. भर सभेत माफी मागतो. पण बाई, पत्रिका छापून झालीय. ‘शायलोनं दिलेलं सभासदपत्र मिसेस टॉलिव्हर आज आपल्या चर्चच्या हाती देतील.’ ते पत्र दिलं की तुम्ही खऱ्या अर्थानं इथल्या. तुमच्या सगळ्यांनी कधीच दिलंय.

मिसेस टॉलिव्हर : सगळ्यांनी नाही. शायलोचे नऊ जण अजून शाळेच्या जेवणघरात प्रार्थनेला जमतात.

पास्टर वेड : नऊ म्हातारी माणसं. पियानो वाजवायलासुद्धा कुणी नाही.

(मिसेस टॉलिव्हर पर्समधून बायबल काढतात. त्यातून पिवळट पाकिटाचं टोक बाहेर आलेलं.)

मिसेस टॉलिव्हर : गुलामी सुटल्यावर डॉर्कसनं दुसरीकडे जाण्यासाठी याच चर्चकडे आपलं सभासदपत्र मागितलं. शायलो उभारायला निघाली होती ती. तुमच्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत काय लिहिलंय, वाचलंस कधी?

पास्टर वेड : वाचलंय. ‘विचार पुढच्या सभेत.’

मिसेस टॉलिव्हर : किती सभा?

पास्टर वेड : चौदा.

मिसेस टॉलिव्हर : आणि चौदाव्या सभेत?

पास्टर वेड : पुढे नोंदच नाही.

मिसेस टॉलिव्हर : कशी असेल? ती थांबलीच नाही, पत्राविना गेली. आणि तिची ही शिकली-सवरलेली खापरपणती हातात पत्र असून अकरा वर्षं विचार करत बसली.

पास्टर वेड : बाई... रविवारी गाणार तरी आहात ना?

मिसेस टॉलिव्हर : गाणार. साडेदहाला, शाळेच्या जेवणघरात. पत्र तुला देत नाही मी, वेड. शायलोला परत नेतेय.