प्रभंजनची बुरशी

...आणि वर लोक त्यालाच हसतात हो! तुम्हाला सांगतो, धारवाडात वकिली करणारा शहाणासुरता माणूस, आमचा प्रभंजन, भर एप्रिलात केलगेरीच्या आमराईत उकिडवा बसून मातीवर ओली पोती पांघरतोय, का? तर खाली बुरशी आहे, उन्हानं मरेल! जिवंत आहे हो ती!

त्याचं असं झालं, मागच्या वर्षी ह्यानं थोरल्या भावाकडं, श्रीहरीअण्णाकडं, हापूस पाठवले, व्याही पानावर बसलेले, वहिनीनं आंबा कापला, आणि आत फळमाशीच्या अळ्या, वळवळ वळवळ! अण्णा उठला तो थेट बागेत. "प्रभ्या, यंदा सोडतो. पुढच्या वर्षी असली घाण निघाली तर झाडं तोडायची आणि प्लॉट पाडायचे, बास!" अहो, वडिलांनी, अप्पांनी, लावलेली झाडं! प्रभंजन दिसेल त्याला उपाय विचारत सुटला...

मग कुणीतरी सांगितलं, अळी फळातून पडते, मातीत शिरते, कोष करते, माशी होऊन वर येते. मातीत किडे मारणारी बुरशी घाला. हा निघाला दुकानात. दुकानदार म्हणतो, "साहेब, लोक बुरशी मारायचं औषध मागतात की हो, तुम्ही बुरशीच मागायला लागलात?" पुडी आणली, फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवली. बायको, नेत्रा, किंचाळली, "अय्यो, हे कसलं पीठ?" "हात लावू नको! जिवंत आहे ती!"

शेणखतात कालवली, झाडांच्या बुडात पसरली, रोज कोर्टातून तडक बागेत, अंगावर काळा कोट, हातात झारी! खतावर पांढरी लव दिसली तेव्हा बारसं करायचं तेवढं बाकी होतं... आणि दुसऱ्या दिवशी राखणदार मंजुनाथ, बिचारा सज्जन माणूस, हसत हसत सांगतो, "साहेब, बुडात बुरशी धरली होती री. औषध मारून साफ केली!"

साफ केली! प्रभंजननं मूठभर माती उचलून नाकाशी धरली. "मंजुनाथा, जिवंत होती रे ती..." मंजुनाथ रडायलाच लागला, "एन माडली साहेब, काय करू आता?" काय करणार? दोघांनी ती माती खरवडून फेकली, नवी पुडी, नवं खत, गळलेला आंबा दिसला की उचल, उकळत्या पाण्यात टाक... कोर्टात अशील गळा काढतोय आणि ह्याचं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडं!

आंबे उतरवायच्या दिवशी श्रीहरीअण्णा सुरी घेऊनच आला. एक कापला, स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. कापतोय, खातोय, कापतोय, प्रभंजन शेजारी साली गोळा करतोय... आणि निघाली! मंजुनाथनं डोळेच मिटले. अण्णा अळीकडं बघतोय, झाडांकडं बघतोय...

"एवढी एकच?"

"आतापर्यंत तरी..." प्रभंजन कसाबसा बोलला.

"हूं. राहू देत झाडं. पुढच्या वर्षी बघू."

आणि चांगल्या आंब्यांच्या सगळ्या पेट्या स्वतःच्या गाडीत घातल्या की हो, पाहुण्यांना वाटायला!

राहिला तो अळीचा. प्रभंजननं अळी पानावर काढून ठेवली, निम्मा आंबा मंजुनाथला दिला, निम्मा आपण चोखला, आणि म्हणाला, "गोड आहे रे... अळीचंही काही चुकत नाही."