पुठ्ठ्याचा उजवा शंख

माझं डोकं अजून चालत नाहीये, तुम्हीच सांगा. गणपतीच्या मखरासाठी मोठा शंख करायचा म्हणून मी कॉम्प्युटरवर तो उलगडून नंबर छापलेले सपाट तुकडे काढले, पुठ्ठ्यातून कापले, जोडले. स्क्रीनवर वळण डावीकडे, हातात मात्र उजवीकडे. उद्यावर चतुर्थी आणि मी फाईलच तपासतोय.

बायको म्हणाली, "नंबर दिसाक नको म्हणान तुमीच तुकडे उलटे दुमडल्यात मां?"

तेवढ्यात बाबा आले आणि हात जोडून उभे राहिले. "उजवो शंख मिळाक नशीब लागता रे."

गणपती गेले, मखर मोडलं, शंख देवघरात. त्याच्यामुळे देवघराचं दार लागत नाही. बाबा रोज फूल वाहतात.

म्हटलं, "बाबा, पुठ्ठो आसा तो."

"पुठ्ठो तुझो. वळण देवाचां."