मिठाचा वास

आणि वर म्हणतात, ‘बायकोसाठी सोडलं!’ अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? मी मटण सोडलं ते छातीत कळ आली म्हणून, कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून, सावंगीच्या दवाखान्यात त्या पोरसवदा डॉक्टरनं रिपोर्टमधून मान वर न काढता ‘अंकल, आज से मटन एकदम बंद’ म्हटलं म्हणून! डॉक्टरांनी सांगितलंय हो, डॉक्टरांनी! पण ऐकतो कोण? आमची ज्योत्स्ना गेली पौषात, मला कळ आली फाल्गुनात, आणि तेवढ्यावर अख्ख्या गल्लीनं मला साधू करून टाकलं!

शेजारच्या रुख्माबाई तर फाटकातच अडवतात. “भाऊ, ज्योत्स्नाबाईच्या जिवाले केवढं समाधान वाटत असन!” मी म्हणतो, अहो, डॉक्टरांनी सांगितलंय. की लगेच पदर डोळ्यांना. “तुमी काई बोलू नका भाऊ... समजते आमाले.” काय समजते? मला नाही ते समजलं!

तुम्हाला सांगतो, ज्योत्स्नाचं माहेर महानुभाव. त्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नाही. म्हणजे माझं मटण शिजणार कुठे? मागच्या अंगणात, पेरूखाली, तीन विटांच्या चुलीवर! पातेलं वेगळं, चमचा वेगळा, आणि घासायचं कुणी? मीच! खाऊन झालं की नळाखाली आंघोळ, मग घरात प्रवेश. आणि बाईसाहेब कुठे? नाकाला पदर लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या! “अवो, जाळ कमी करा, बुडाले लागून राह्यलं... आन् मीठ राह्यलं वाटते.”

आता मला सांगा, मिठाला वास असतो का? जिनं जन्मात रश्श्याचा थेंब चाखला नाही, तिनं खिडकीतून मीठ सांगायचं, मी चिडायचं, दाखवतोच हिला म्हणून चमचा तोंडात घालायचा, आणि... मीठ राहिलेलंच असायचं! दर वेळी! ‘सोडून द्या ना आता,’ म्हणायची अधूनमधून. मी म्हणायचो, पोळ्याच्या करीचं मटण होऊन जाऊ दे, मग बघू. दर वर्षी एक पोळा, आणि दर पोळ्याला एक कर. बघायचं राहूनच जायचं.

आता मी दोडकं शिजवतो. आत, तिच्याच कढईत. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. खिडकीतून कुणी बोलायला मी आता खिडकीच्या बाहेर नसतोच ना... असो. डॉक्टरांनी सांगितलंय.

तर मागे पुन्हा तपासणीला गेलो. डॉक्टर खूश! “अंकल, रिपोर्ट बढिया! महिन्यातून एखाद्या वेळी खाल्लं तर चालते.” हे कुणाला सांगू नका हं! मी म्हटलं, पण तुम्ही नको म्हणालात. म्हणाला, “अंकल, आता मीच खा म्हणून राह्यलो.” बघा! हल्लीच्या डॉक्टरांचं हे असं, एका शब्दावर टिकायचं म्हणून नाही!

आणि परवा पोळ्याची कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण, तर माझा दोस्त रत्नदीप पिशवी घेऊन दारात! हा राहतो फ्लॅटमध्ये, त्यामुळे त्याचंही मटण वर्षानुवर्षं माझ्याच चुलीवर. “तू खाऊ नको बे, वहिनीसाठी सोडलं तं सोडलं. पण चूल तं दे!” मी म्हटलं, वहिनीसाठी नाही, डॉक्टरांनी... “हो हो,” म्हणाला आणि गेला सरळ अंगणात.

तो तिकडे पेरूखाली, मी इकडे कढईपुढे, मधे खिडकी. फोडणीचा वास आत आला. काय सांगू... वाटलं, जावं, एक वाटी घ्यावी, डॉक्टर चालते म्हणतोय, अडवणारं घरात कुणी नाही. दोडक्याचा झारा हातात तसाच धरून खिडकीशी गेलो आणि तोंडातून निघून गेलं, “जाळ कमी कर, बुडाले लागून राह्यलं... आन् मीठ राह्यलं वाटते.”

रत्नदीपनं चाखलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चाखलं.

“खरंच राह्यलं न बे! तुले तिथून कसं समजलं?”

आता काय सांगणार? म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय!