काचबिंदू आणि सुरमई

“लिहून ठेव, अलफिया. या जिल्ह्यात काचबिंदूला कोणी हरवलं असेल, तर तुझ्या अब्बांनी.”

रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले नासिरभाई लेकीला सांगत होते.

“डोळ्यातला दाब उतरला, अब्बा. काचबिंदू आहेच. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचली, असं डॉक्टर म्हणाले.”

“वाचली ना? मग जिंकलो. डोळ्यातलं पाणी निचरतं ती जाळी प्रोटीन साचून तुंबते, हे कळलं त्याच दिवशी मी सुरमई सोडली. कोकणात राहून.”

“ते प्रोटीन डोळ्यातच तयार होतं. ताटातली सुरमई तिथे पोचत नाही.”

“कोण म्हणतं?”

“डॉक्टर. तुम्ही बाहेर पडल्यावर विचारलं मी.”

“म्हणजे मासळीचा अख्खा मोसम मी उगाच दुधीवर काढला?”

“आम्हालाही काढायला लावलात.”

“मग दाब उतरवला कोणी?”

“थेंबांनी. रोज, वेळेवर.”

“हं. तरी निर्धार माझाच.”

“तुमचाच.”

“मग जाताना बाजारात थांबू, सुरमई घेऊ. पण आधी दुपारचे थेंब घाल बघू. माझ्या हातून ते गालावरच पडतात.”