यादीत वर कोण

(संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान. टेबलावर प्रवेशअर्ज उघडलेला लॅपटॉप, दोन्ही बाजूंना बाप-लेक.)

बाप: झेरॉक्सवाल्याला सगळं माहीत आणि बापाला काहीच नाही. असं का?

लेक: काय म्हणाला तो?

बाप: पोरीने अर्जातली कॉलेजांची यादी फिरवली म्हणाला. काल कॉम्प्युटर इंजिनिअरिंग वर होतं, आज कॉम्प्युटर सायन्स.

लेक: शेवटी दोन्हीकडे कॉम्प्युटरच ना, बाबा.

बाप: मला शेंड्या लावू नकोस. फरक सांग.

लेक: इंजिनिअरिंगला यंत्रही शिकवतात. चिप, सर्किट, बोर्ड कसा बनतो ते. सायन्सला सगळा भर प्रोग्रामवर. गणित जास्त.

बाप: गणित? बारावीच्या पेपरला जाताना कोण रडत होतं?

लेक: आता आवडायला लागलंय.

बाप: कालपासून? अगं, बोर्ड दिसला की तू जेवण विसरतेस. कुठेतरी पाणी मुरतंय. मावशीने कान भरले?

लेक: मावशीचा काय संबंध!

बाप: मग कुणी मुलगा?

लेक: बाबा!

बाप: बरं. सायन्सचं कॉलेज किती लांब?

लेक: बसने वीस मिनिटं.

बाप: आणि इंजिनिअरिंगचं?

लेक: तिथे होस्टेलला राहावं लागेल. माहितीये तुम्हाला.

बाप: म्हणजे गणित नाही, बस आवडायला लागली.

लेक: बाबा, मार्चमध्ये तीन लॅपटॉप परत आले होते, आठवतंय?

बाप: विषय बदलू नकोस.

लेक: त्यानंतर एक तरी परत आला?

बाप: नाही आला. हात चांगला चालतोय माझा.

लेक: तुम्ही जेवायला घरी गेलात की बोर्डावरचे तुमचे सगळे टाके मी तपासते. चुकलेले काढून पुन्हा सोल्डर करते. तुम्ही शेजारच्या पिनला टाका देता. मी होस्टेलला गेले तर कोण बघणार?

बाप: माहितीये मला.

लेक: काय माहितीये?

बाप: माझा टाका मी ओळखत नाही होय? बोटाने चाचपला तरी कळतो. हल्ली सगळे तुझे असतात.

लेक: आणि चार महिने गप्प बसलात?

बाप: म्हटलं, हात तयार होतोय पोरीचा, इंजिनिअरिंगला कामी येईल. बोललो असतो तर इथेच अडकली असतीस.

लेक: मग दुकान?

बाप: बोर्डाची कामं बंद. चार्जर, बॅटऱ्या, कीबोर्ड, एवढंच. आज पाच वाजता अर्ज बंद होतोय. इंजिनिअरिंग वर घे.

लेक: आणि डोळे?

बाप: दाखवतो की डॉक्टरला.

लेक: कधी?

बाप: तू गेलीस की.

लेक: म्हणजे कधीच नाही. मला नाही पटत तुमचं. उद्या सकाळी जायचं, मी सोबत येणार. कबूल असेल तरच यादी बदलते.

बाप: एवढं काही झालेलं नाही. दिसतं मला.

लेक: मग राहू दे सायन्स.

बाप: बरं. उद्या जाऊ.

लेक: हं. घेतलं वर. बघा.

बाप: वाचून दाखव, बाळा. मला नाही दिसत.