प्रभाकरराव काऊन उठत नाई?

...नाई, मी म्हन्तो, दोरीवर वाळत टाकलेलं बनियन मानसाले संध्याकाळी भेटलं पाहिजे का नाई? तुमीच सांगा! पन सेलूच्या प्रभाकररावाले भेटे नाई! अन् मानूस कोन, तं भर बाजारात कापडाचं दुकान असलेला! दुकानात थानावर थान, अन् घरी हा उघडा फिरून राह्यला... काऊन? तं बायको, देवकाबाई! तिले गोधड्या शिवाचा नाद. आता फाटकं लुगडं घेतलं, विरलेली चादर घेतली, इथपावतर समजू शकतो ना आपन? पन बाई चांगल्या कपड्याकडंबी अशी पाहे, का कपडाच घाबरला पाहिजे! प्रभाकरराव बोंबले, "अवं, तो सदरा मागच्या दिवाळीचा होता!" तं ती दातानं धागा तोडत म्हने, "कॉलर विरली होती." झालं! कॉलर विरली, सदरा सरला! त्या घरात कापड अंगावरून उतरवाची सोय नाई राह्यली बापा!

तुमाले सांगतो, सत्त्यान्नव सालची गोष्ट. पोरगी रक्षा, तिले पाह्यले पुलगावचे पाव्हने येनार होते. पोरगा कैलास, किराण्याचं दुकान, निर्व्यसनी. अन् रक्षानं त्याले वर्ध्याच्या एका लग्नात पाह्यलं होतं, तवापासून पोरगी मनातल्या मनात हासे! मंजे स्थळ हातचं जाऊन चालनार नव्हतं. प्रभाकररावानं बायकोले ताकीद देल्ली, "हे पाय, एकबी गोधडी दिसली नाई पाहिजे! लोक काय म्हनन, कापडवाल्याच्या घरी चिंध्या?" अन् दुकानातून सॅटिनची गुलाबी चादर आनून सोताच्या हातानं दिवानावर टाकली.

देवकाबाई म्हने, "घसरते ते."

"घसरू दे! चमकते किती ते पाय ना!"

आले पाव्हने. पोराचे वडील अण्णाजी, चांगले वजनदार गडी, बसले दिवानावर... अन् निंगाले! बसल्या जागेवरून, हळूहळू, हातात पोह्याची प्लेट घेऊन! मानूस थांबाचा प्रयत्न करून राह्यला, चादर थांबून नाई राह्यली! पोहे मांडीवर, अण्णाजी जमिनीवर, चादर अण्णाजीवर! देवकाबाई आत पळाली अन् काखेत गोधडी घेऊन आली. फडाक करून टाकली. "बसा आता. हालत नाई हे."

अन् प्रभाकररावाची नजर गेली गोधडीच्या मधोमध. निळ्या पट्ट्याची चड्डी! सोताची! बाईनं नाडा काढलेला, पन नेफा तसाच्या तसा! मी म्हन्तो ना, त्या घरात कापड अंगावरून उतरवाची सोयच नाई! अण्णाजी बसाच्या आंधी हा गडी धपकन जाऊन चड्डीवर बसला.

बसला तो बसला! कैलास पाया पडाले आला, यानं बसल्या बसल्या आशीर्वाद देल्ला. रक्षा चहा घेऊन आली, "बाबा, थोडे सरका ना." नाई! पोराची आई आनंदाबाई, तिलेबी शिवनाची आवड, ती गोधडीचा काठ चिमटीत धरून म्हने, "अगं बाई, काय बारीक टाका हाय! जरा उठता का हो, मधातलं पाहू द्या." हा म्हने, "मधात काई नाई!"

मंग टिळा लावाची वेळ आली. आता पोरीच्या बापानं उठलं पाहिजे का नाई? हा म्हने, "इथूनच लावतो, वाका थोडे."

अण्णाजीचं तोंड लाल! आंधीच जमिनीवर आपटलेला मानूस! "मानपानाले उठाची तयारी नाई? चाल रे कैलास, बस भेटते अजून!"

चपला सरकल्या. प्रभाकररावानं दाराकडं पाह्यलं, तं रक्षा हातात रिकामा ट्रे धरून उभी... डोळे भरून आलेले. एकीकडं चड्डी, एकीकडं लेक! काय करन बाप? डोळे मिटले, "राम" म्हनलं, अन् उठला!

आनंदाबाई चश्मा सावरून वाकली. बाईनं नेफ्यातून बोट आरपार घातलं.

"देवकाबाई... हा नेफा काऊन ठेवला वो?"

"दुहेरी कापड राह्यते. मजबूत."

"बाप्पा! मले नाई सुचलं हे! मी तं कैलासच्या बाबाच्या चड्डीचा नेफा कापून फेकून देते!"

सारे पाह्यले लागले अण्णाजीकडं! अण्णाजी छताकडं! कैलास फिस्कन हासला, त्याले पाहून रक्षा हासली, अन् अण्णाजी हळूच चपला काढून म्हने, "व्याही... उभे काऊन? बसा ना." अन् दोघंबी चड्डीवर खेटून बसले.

जमलं लग्न! पोरगी सुखात, जावाई सोन्यासारखा. पन तवापासून आनंदाबाई पुलगावहून गाठोडं घेऊन येते, अन् दोघी विहिनी माजघरात सुई-दोरा घेऊन बसतात. अन् हे दोघं? बाहेर ओट्यावर! परवा मी जाऊन पाह्यलं, होळी होऊन गेलती, डोक्यावर ऊन, दोघं गळ्यापावतर स्वेटर घालून बसलेले. म्हनलं, अण्णाजी, घामानं भिजून राह्यले तुमी, काढा ना तो स्वेटर!

अण्णाजीनं एकडाव माजघराकडं पाह्यलं, घाम पुसला अन् म्हने, "राहू दे बापा... थंडी वाजून राह्यली."