दोन वाक्यांत पाहुणा

— अहो, अहो, मधोमध नका चावू! साल्तेन्या अशी खातात होय? उभी धरा. उभी, डॉक्टर, मेणबत्तीसारखी. आता वरचा कोपरा दातांनी अलगद कुरतडायचा आणि आधी आतला रस्सा प्यायचा — हं, अस्सं. तुमच्याकडे मोन्तेविदेओत असल्या करंजीतलं सारण कोरडं असतं, त्यामुळे कसंही खाल्लं तरी चालतं. इथं सुक्रेत ज्याच्या हातून रस्सा सांडला त्यानं सगळ्या मंडळींना साल्तेन्या खाऊ घालायच्या, असा रिवाज. आणि खायच्या त्या दुपारच्या आत. बारानंतर साल्तेन्या खाणाऱ्याला या गावात कुणी मुलगी देत नाही. हसू नका, माझ्या मावसभावाचं लग्न त्यावरून मोडलंय.

घाई कसली? वर चिटपाखरू नाही अजून. पत्रिकेत साडेदहा छापलं म्हणजे लोकांनी तेव्हा आंघोळीला जायचं. बसा. बाक चांगलाय, ऊन येतं. मला एवढंच तर काम दिलंय आज — पाहुण्याला दारातून घ्या आणि वर सभागृहात पोचवा. हमालाचं काम! पोचवतो की. रस्सा संपू दे.

अठरा वर्षं, डॉक्टर एचेपारे, अठरा वर्षं या मानव्यशाखेत शुक्रवारच्या पाहुण्याची ओळख कुणी करून दिली? या एलिओदोरो सारातेनं. आणि आजपासून कोण देणार? संचालकबाई, डॉक्टर मारिसोल तेयेरिया. किती वाक्यांत? दोन! परवा मला बोलावून म्हणतात, ‘डॉन एलिओदोरो, तुमच्या प्रस्तावना जरा लांबतात.’ जरा! अहो, लांबायलाच हव्यात. माणूस हजार कोसांवरून येतो, त्याला काय दोन वाक्यांत गुंडाळायचं? मान्य, एकदा थोडं जास्त झालं. ब्राझीलहून एक विद्वान आले होते. मी त्यांच्या आजोबांपासून सुरुवात केली. मी त्यांच्या शाळेपर्यंत पोचेतो ते गाढ झोपले. शेवटी टाळ्या झाल्या तसे दचकून उठले, त्यांना वाटलं आपलं भाषण झालं — वाकून नमस्कार केला, हार घातला गेला, गेले. त्या वर्षीचं सर्वोत्तम व्याख्यान म्हणून लोक अजून त्याचं नाव घेतात. माझी चूक कुठं आहे यात? सांगा ना!

तो धडधड आवाज? काही नाही. वर पोरांची नाचाची तालीम चाललीय. तुम्ही खा.

बाईंना काय आवडतं सांगू? कार्यशाळा. मागच्या महिन्यात ‘कार्यशाळा कशी घ्यावी’ याची कार्यशाळा झाली. रंगीत कागदावर प्रत्येकानं आपली अपेक्षा लिहायची आणि भिंतीला चिकटवायची. चाळिशी ओलांडलेले प्राध्यापक हातात गुलाबी कागद घेऊन रांगेत! मी प्रामाणिकपणे लिहिलं — ‘जेवण’. बाईंनी तो कागद ‘दीर्घकालीन उद्दिष्टं’खाली चिकटवला. आणि खरंच, जेवण आलं चार वाजता. शिवाय व्याख्यानांची नावं! एक अपूर्णविराम, दोन कंस, मधे एक तिरपी रेघ. नाव वाचतानाच दम लागतो. आता तुमचंच घ्या — रागावू नका — ‘द्रव सीमा, (अ)दृश्य देह आणि पारगमनाच्या पद्धती’. अहो, हे नदी ओलांडण्याबद्दल आहे ना? मग सरळ नदी म्हणायला काय झालं? आणि होडी कुठं गेली? होडीशिवाय कोण ओलांडतं नदी?

होडी म्हटल्यावर आठवलं — पहिल्या रांगेत डॉन निकानोर उर्कुल्यो बसलेले दिसतील. नोकरीतून निवृत्त झाले, पण प्रश्न विचारण्यातून निवृत्त झाले नाहीत. प्रश्न एकच — ‘हे सगळं ठीक आहे, पण यात खाणकामगार कुठं आहेत?’ मधमाश्यांवर बोला, मध्ययुगीन प्रेमगीतांवर बोला, खाणकामगार कुठं आहेत! एक फ्रेंच बाई ग्रीक मडक्यांवर बोलून गेली, तिची या प्रश्नानं अशी झोप उडाली की तिनं मडकी सोडली आणि आता पोतोसीत खानावळ चालवते, खाणकामगारांसाठी. शप्पथ. सूप उत्तम करते. तर त्यांना घाबरू नका. आज त्यांना त्याच रांगेत पार भिंतीलगत बसावं लागलंय बिचाऱ्यांना, कारण खुर्च्या कमी पडल्या तेव्हा कायदा शाखेतून आणाव्या ल... आणाव्या लागल्या असत्या. म्हणजे, कमी पडल्या असत्या तर.

असं बघू नका, डॉक्टर.

बरं. आहेत. भरलंय सभागृह. खिडकीत बसलीयत पोरं. ती नाचाची तालीम नाही, पाय आपटतायत तुमच्यासाठी. अठरा वर्षांत मी इतकी माणसं नाही पाहिली तिथं. आणि का आली माहितीय? दारावरचं भित्तिपत्रक वाचलंत? तुमच्या नावाखाली बाईंनी ठळक अक्षरांत छापलंय — ‘प्रस्तावना: दोन वाक्यं’. झालं! अख्खं सुक्रे लोटलं. माझा सख्खा शेजारी आलाय, ज्याला मी बारा वर्षं ‘या हो, या हो’ म्हणतोय. मघाशी जिन्यात भेटला, मिठी मारली त्यानं मला. वर माझंच अभिनंदन करतो!

माहितीयत मला ती दोन वाक्यं. पाठ आहेत. ‘डॉक्टर एचेपारे मोन्तेविदेओ इथं सीमा-अभ्यासाचे प्राध्यापक आहेत. त्यांचं स्वागत.’ यातलं दुसरं तर वाक्य तरी आहे का? तुमचं एक तरी पुस्तक उघडलंय का कुणी वर? मी वाचलंय. दोन्ही वाचलीत. पण ती राहू देत, ती तुम्ही बढतीसाठी लिहिलीत, ते कळतं. तुमचा पहिला लेख — साल्तो गावातलं ते मासिक, दोन अंक निघून बंद पडलं बघा — तो मी मिळवला. कसा ते विचारू नका, त्यात एक बसचालक आहे आणि एक बिशप आहे. त्या लेखात तळटीप आहे. धुक्यात समोरच्या काठावर माणसं वाट बघत असली की होडीवाला शिट्टी मारायचा, दोन आखूड, एक लांब. म्हणजे, ‘थांबा, येतोय.’ आणि खाली बारीक अक्षरांत — माहिती देणारा, एवारिस्तो एचेपारे, होडीवाला. आडनाव तुमचंच. ‘माझे वडील’ असं कुठंही लिहिलेलं नाही. पुढच्या पुस्तकांत तर होडी नाही, शिट्टी नाही, वडील नाहीत — नुसता ‘द्रव’ उरला.

मी तिथून सुरुवात करणार होतो, डॉक्टर. आजोबांपासून नाही, काही नाही. उठायचं, एक शब्द न बोलता शिट्टी मारायची, सभागृह गप्प, आणि मग म्हणायचं — साल्तो गावच्या होडीवाल्याचा मुलगा आलाय. बस्स. मोजून बघा, दोन वाक्यांहून कमी आहे! पण ऐकून कोण घेतो? तीन आठवडे ती शिट्टी घोटली मी. बायको माहेरी गेली.

अरे — सांडलं! बाहीवर गेला सगळा रस्सा. राहू दे, राहू दे, रिवाज पाहुण्याला लागू नाही. हा रुमाल घ्या. डोळ्यांना नाही हो, बाहीला... बरं, डोळ्यांनाही घ्या. स्वच्छ आहे.

‘आलो, आलो, बाई! साल्तेन्या खातायत पाहुणे! मग काय, अर्धवट टाकून आणू?’ — बघितलंत, सज्जातून कशा ओरडतात. आता सगळ्या अंगणाला कळलं.

काय म्हणालात? मी? वर येऊन? छे छे. बाईंना तुम्ही सांगणार म्हणे! आणि मग काय, तुमच्या शब्दावर मला उपकाराची दोन मिनिटं मिळणार? दोन मिनिटांत माझं खाकरणं होत नाही. शिवाय ते सभागृह माझ्या न बोलण्यासाठी भरलंय, डॉक्टर. मी दारात दिसलो तर निम्मी खिडकीतून उड्या टाकतील. नको. तुम्ही पाहुणे, तुम्ही बोला. ते कंसातलं बोला, नाहीतर दुसरं काही बोला, तुमची मर्जी. डाव्या जिन्यानं जा. उजवा कायदा शाखेत जातो, तिथून माणूस परत येत नाही. आणि निकानोरनी विचारलं खाणकामगार कुठं आहेत, तर सांगा, पलीकडच्या काठावर उभे आहेत, होडीची वाट बघत. गप्प बसतील. पहिल्यांदाच.

उठा आता. रुमाल ठेवा तुमच्याकडेच.

आणि हे बघा — वडिलांचं सांगायचं तर सांगा, मी कोण अडवणार. पण शिट्टी मारायची नाही वर. ती माझी आहे. जा म्हटलं ना!